करवत वाकडी जाते तेव्हा चेनला शिव्या देण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात चेनसॉची घरघर कानाला सवयीची आहे. पावसाळ्यात रस्त्यावर आडवं झालेलं झाड असो, अकेशिया-नीलगिरीची तोड असो, नाहीतर काजूच्या बागेतल्या वाळक्या फांद्या. हाताच्या करवतीने हे काम आता कोण करतो? आणि मशीन वापरणाऱ्यांची एक तक्रारही ठरलेली: ‘एका बाजूला ओढते हो.’ ओंडक्यावर मशीन सरळ धरली तरी काप तिरका उतरतो, मध्येच बार अडकतो. मग चेनला धार लावली जाते, ती जमली नाही की नवी चेन येते, आणि थोड्याच दिवसांत तीही तशीच ओढू लागते. जाणता मेकॅनिक अशा वेळी म्हणतो, ‘काका, चेन राहू दे, बार काढा बघू.’

बार म्हणजे पोलादाची लांब, चपटी पट्टी. तिच्या कडेने सगळीकडून एक अरुंद खाच फिरलेली असते. खाचेच्या दोन बाजूंना ज्या पातळ भिंती उरतात, त्या रेल. चेनच्या पोटाशी असलेल्या टोकदार ड्राइव्ह लिंक खाचेत शिरून पळतात, तर दातांचे पाय आणि जोडपट्ट्या रेलवरून घसरत जातात. खाचेची रुंदी बहुतेक मशीनमध्ये 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. हा फरक नजरेला दिसत नाही, म्हणून 1.5 च्या बारवर 1.3 ची चेन सर्रास चढवली जाते. ती डुलणारच.

आता वेगाचा हिशेब करू. पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन, आणि स्प्रॉकेट म्हणजे इंजिनकडचं, चेन ओढणारं दातेरी चाक. 3/8 इंच पिचची चेन आणि सात दातांचं स्प्रॉकेट असेल तर एका फेऱ्यात चेन सुमारे 133 मिमी पुढे सरकते. इंजिन मिनिटाला 9,500 फेरे घेत असताना हा वेग सेकंदाला 21 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 76 किलोमीटर होतो. साठ ड्राइव्ह लिंकची चेन जेमतेम 114 सेंमी लांब असते. ती सेकंदाला अठराएक वेळा बारला प्रदक्षिणा घालते. त्यात वरून माणसाचा जोर आणि खालून लाकडाचा विरोध. एवढं सगळं झेलायचं ते दोन पातळ कडांनी.

या कडा दोन तऱ्हेने बिघडतात. पहिली तऱ्हा हाताला लागते. जोडपट्ट्यांच्या सततच्या दाबाने आणि ठोक्यांनी रेलचा माथा चेपतो आणि तिथलं पोलाद बाहेरच्या बाजूला सरकतं. धातू तुटण्याआधी असा सरकतो, याला शास्त्रात आकार्य विरूपण म्हणतात; वर्कशॉपमध्ये म्हणतात ‘बर आली’. बारच्या कडेवरून आडवा अंगठा फिरवला तर ही बर ब्लेडसारखी कापते, तेव्हा हातमोजे घालूनच बघावं. चेपून चेपून हा पदर कडक आणि ठिसूळ झालेला असतो. तो स्वतःहून तुटला की रेलचा तुकडाही सोबत घेऊन जातो.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी. खाचेच्या भिंती आतून झिजतात किंवा एक रेल दुसऱ्यापेक्षा खाली जाते. ड्राइव्ह लिंक मग उभी राहत नाही, कलते. तिच्याबरोबर दातही कलतो आणि काप त्या बाजूला वळतो. याचं मूळ पुष्कळदा धार लावण्यात असतं. आजच्या चेनमध्ये एक दात डावा, एक उजवा अशी रचना असते. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये लाकूडतोडीच्या धंद्यात असलेल्या जोसेफ कॉक्सला 1946 साली लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहून ती सुचली. अळीचे जबडे डावी-उजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडत होते. ही सममिती मोडली की सगळं बिघडतं. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याचे एका बाजूचे दात बहुधा जास्त घासले जातात. मशीन लांब दातांच्या बाजूला ओढते, ड्राइव्ह लिंक एकाच भिंतीला रगडत राहते आणि तीच भिंत संपते. म्हणजे चेनने बार बिघडवला, आता बार नव्या चेनला बिघडवणार. नुसती चेन बदलून हे चक्र सुटत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. मशीन बंद, प्लगची कॅप काढलेली. एक सरळ फुटपट्टी दाताच्या आणि बारच्या बाजूला एकदमच टेकवायची. दात रेलपेक्षा किंचित बाहेर असतो, म्हणून पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली तर रेल ठीक. फट दिसत नाही आणि पट्टी बारवर सपाट बसते, तर चेन कलली आहे.

रेलवर निळसर डाग दिसले तर गोष्ट गंभीर. पोलाद तापलं की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो: साधारण 230 अंश सेल्सियसला पिवळसर, 280 ला जांभळा, 300 च्या आसपास निळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, त्यामागेही प्रकाशाचा हाच खेळ. रेलच्या कडा कारखान्यात मुद्दाम तापवून, थंड करून कडक केलेल्या असतात. निळा डाग म्हणजे तिथलं पाणी उतरलं, कडा मऊ पडली. ती घासून डाग जाईल, कडकपणा परत येणार नाही.

एवढी उष्णता येते कुठून? चेन फार ताणलेली असते, किंवा तेल पोहोचत नाही. बारच्या तेलात चिकटपणा वाढवणारे घटक घातलेले असतात, नाहीतर त्या वेगात तेल भिरकावलं जाईल. आपल्याकडे गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे. ते फुकट मिळतं खरं, पण त्यात इंजिनातला धातूचा चुरा असतो आणि ते सगळंच्या सगळं शेवटी लाकडावर, मातीत आणि अंगावर उडतं. मला हा काटकसरीचा हट्ट कधीच पटलेला नाही. कोरड्या, फिकट रंगाच्या ओंडक्यासमोर बारचं टोक न टेकवता धरून मशीन रेस करावी. ओंडक्यावर तेलाची रेघ उमटली नाही तर बारचं तेलाचं भोक भुशाने बुजलेलं असणार.

त्यात इथली तांबडी माती. फरफटत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत ती ठासून भरलेली असते, आणि मातीतली वाळू दातांना आणि रेलना सारखीच खाते. सागवानाच्या लाकडातच सिलिका असते, त्यामुळे ते स्वच्छ असलं तरी धार लवकर मारतं. साल ब्रशने झाडून कापायला सुरुवात केली तरी बराच फरक पडतो.

दुरुस्तीला मोठी हत्यारं लागत नाहीत. खाचेतला भुसा आणि तेलाचा गाळ पातळ पत्र्याने खरवडून काढायचा, तेलाचं भोक तारेने मोकळं करायचं. बार वाईसमध्ये धरून बाजूची बर चपट्या कानशीने उतरवायची. मग दोन्ही रेलच्या माथ्यावरून कानस काटकोनात, लांब आणि सारख्या दाबाने चालवायची. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघत राहायचं. दोन्ही रेल एका पातळीवर आल्या की थांबायचं. बेळगावातल्या उद्यमबागच्या एखाद्या मशीनशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर (धातू सपाट घासणारं मशीन) मिळाला तर उत्तम, पण ठिणग्या उडवत घाई केली तर तिथेही कड निळी पडेल. खाच पसरली असेल तर आत योग्य जाडीचा पत्रा ठेवून बाहेरून हलक्या हातोडीने रेल जवळ आणता येते. पत्रा न ठेवता ठोकलं की खाच मिटते आणि चेन अडकते. कापताना बहुतेक भार बारच्या खालच्या कडेच्या रेलवर येतो, म्हणून चेन काढली की दर वेळी बार उलटा करून बसवायचा, झीज वाटली जाते. बारच्या नाकातल्या, म्हणजे पुढच्या टोकातल्या स्प्रॉकेटला ग्रीसचं भोक असेल तर त्यातही लक्ष घालावं.

प्रत्येक घासणीत रेलची उंची जाते, खाच उथळ होते. तिची खोली व्हर्नियरने मोजता येते. 3/8 आणि 0.325 इंच पिचला 6 मिमी, 3/8 च्या लहान प्रकाराला 5 मिमी, 0.404 ला 7 मिमी ही खालची मर्यादा. त्याखाली गेलं की ड्राइव्ह लिंकचं टोक तळाला घासू लागतं, आणि जोडपट्ट्या रेलवर नीट टेकतच नाहीत. चेन काढून ड्राइव्ह लिंकची टोकं बघितली तर व्हर्नियरशिवायही हे कळतं: ती बोथट आणि चकचकीत झाली असतील तर बार भंगारात टाकावा. नव्या बारवर तीच चेन चढवायची नाही, आणि इंजिनकडचं स्प्रॉकेट खोल खाचलेलं असेल तर तेही त्याच वेळी बदलून घ्यावं.