डीपर्सनलायझेशन: रोजनिशीतून आलेला शब्द

डॉक्टरांना सांगायचं काय, इथंच या त्रासाची पहिली अडचण असते. ताप नाही, दुखत नाही, नसलेलं काही दिसत नाही. ‘आरशातला मीच आहे हे कळतं, पण पटत नाही.’ ‘आई समोर बसलीय, पण मधे काच आहे.’ स्वतःबद्दलच्या या परकेपणाला डीपर्सनलायझेशन म्हणतात. भोवतालचं जगच खोटं, सिनेमाच्या सेटसारखं वाटू लागलं तर डीरिअलायझेशन. बहुतेकदा दोन्ही जोडीनं येतात.

पहिला शब्द मुळात डॉक्टरांचा नाही. जिनिव्हाचे प्राध्यापक आंरी-फ्रेदेरिक अमिएल आयुष्यभर रोजनिशी लिहीत होते. तिची पानं भरली सुमारे १७ हजार. जुलै १८८० मध्ये त्यांनी लिहिलं की सगळं अनोळखी वाटतंय, आपण जणू स्वतःच्या देहाबाहेर आहोत. या अवस्थेला त्यांनी हा शब्द वापरला आणि लगेच स्वतःलाच विचारलं, हे वेड आहे का? नाही, असं उत्तरही देऊन टाकलं. वेडातून मन पुन्हा ताळ्यावर येत नाही, आपलं येतं, हा त्यांचा मुद्दा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘मला वेड लागतंय का’ हाच प्रश्न आजही रुग्णाची झोप उडवतो.

लक्षणांची नोंद मात्र त्याआधीची. पॅरिसमधले डॉक्टर मॉरिस क्रिशाबेर यांनी १८७३ मध्ये ३८ रुग्णांची माहिती छापली. छातीत धडधड, चक्कर, आणि सोबत हा परकेपणा. दोष ज्ञानेंद्रियांत आहे, असा त्यांचा कयास. १८९८ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ ल्युदोविक द्युगा यांनी अमिएलचा शब्द उचलून शास्त्रात आणला. त्यांच्या रुग्णाला स्वतःचाच आवाज परका वाटे. द्युगांच्या मते डोळे-कान ठीकच होते. आटली होती ती भावना.

१९३५ मध्ये, नाझी जर्मनी सोडून लंडनला आलेले मानसोपचारतज्ज्ञ विल्हेल्म मायर-ग्रॉस यांनी ‘मी परका’ आणि ‘जग परकं’ यांतला फरक नीट मांडला. १९५९ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन रॉथ यांनी या अनुभवाची गाठ तीव्र भीतीशी घातली. मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत १९६८ साली याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली आणि २०१३ साली दोन्ही नावं एकत्र झाली. अधूनमधून, जागरणानं किंवा अपघाताच्या धक्क्यानं, असं काही क्षण अनेकांना होतं; हा अनुभव ठाण मांडून बसतो तो शंभरात एक-दोघांकडे.

आपल्याकडे देहभान हरपणं म्हणजे कीर्तनातली धन्यता, त्यामुळे घरच्यांना यातली घालमेल समजावणं आणखी अवघड. इथं हरपतं ते भान नव्हेच. भान लख्ख असतं, आपलेपणा जातो.

१९९८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्रीत यासाठी खास संशोधन विभाग सुरू झाला. मॉरिसियो सिएरा आणि हेर्मान बेरिओस यांनी त्याच वर्षी मांडलं की भीती असह्य झाली की मेंदू भावनांचा आवाज बारीक करतो. म्हणजे द्युगांचंच म्हणणं, मेंदूच्या भाषेत. औषधांनी मात्र निराशा केली: लॅमोट्रिजिन २००३ च्या आणि फ्लुऑक्सेटिन २००४ च्या चाचणीत नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरलं नाही.

वाट निघाली ती अमिएलच्या प्रश्नाकडूनच. ‘वेड लागतंय’ या धास्तीनं माणूस दिवसभर स्वतःला तपासतो: हात माझेच वाटतात का, आत्ता खरं वाटतंय का? तपासणीनं धास्ती वाढते, धास्तीनं परकेपणा. लंडनमधल्याच एलेन हंटर आणि सहकाऱ्यांनी हे चक्र तोडणारे उपचार २१ जणांना दिले: अर्थ बदलून पाहायचा, तपासणं कमी करायचं, लक्ष बाहेर न्यायचं, टाळलेली कामं पुन्हा हाती घ्यायची. २००५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्यांतल्या २९ टक्के लोकांना आजाराचे निकष लागू होत नव्हते. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आकडा जपूनच वापरावा लागतो.