गुरुवारी विचारा, रविवारी हिशेब घ्या

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ब्रायन सफोलेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुणांवर एक चाचणी केली. हे सगळे रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेले आणि धोकादायक प्रमाणात दारू पिणारे होते. एका गटाला १२ आठवडे दर गुरुवारी मेसेजवरून विचारलं जाई : या वीकएंडला पिण्याचा बेत आहे का? बेत मोठा असेल, तर मर्यादा ठरवाल का? रविवारी पुन्हा प्रश्न : प्रत्यक्षात किती झाली? उत्तर आलं की त्यावर लगेच प्रतिसाद जाई. दुसऱ्या गटाला प्रश्न होते, प्रतिसाद नव्हता. तिसऱ्याला मेसेजच नव्हते.

तीन महिन्यांनी पहिल्या गटात अतिमद्यपानाचे दिवस महिन्याला सरासरी अर्ध्या दिवसाने घटले. नुसते प्रश्न गेलेल्या गटात ते वाढले. कॉलेजात अशी योजना आखणाऱ्याने हा दुसरा निकाल विसरू नये, कारण नुसती नोंद ठेवणं सोपं असतं आणि बरेच जण तिथेच थांबतात.

आठवड्याला अर्धा दिवस नव्हे, महिन्याला अर्धा दिवस. परिणाम लहान आहे. पण एक मेसेज पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि समुपदेशकाकडे कधीच न जाणाऱ्या मुलापर्यंतही तो पोहोचतो.

‘किती’ या शब्दाचं माप आधी पक्कं करावं लागतं. पिण्याच्या सवयी तपासणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. अमेरिकेत ते १४ ग्रॅम धरतात. हिशेब असा : मिलिलिटर × टक्के × ०.००७८९ = ग्रॅम. चाळीस टक्क्यांची ६० मिली व्हिस्की सुमारे १९ ग्रॅम, पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर जवळपास २०. तीच बिअर आठ टक्क्यांची असली तर ३१ ग्रॅमच्या पुढे. ‘दोनच ग्लास घेतले’ या उत्तराला म्हणूनच अर्थ नसतो. पहिल्याच आठवड्यात हे माप शिकवलं नाही, तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

मेसेजचा मजकूर तुटक हवा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘ड्रिंक’ या एका शब्दालाच सहा जागा लागतात. ‘या शनिवारी किती ड्रिंक घेणार? फक्त आकडा लिहा.’ एवढं पुरे. उत्तर मात्र ‘4’, ‘४’, ‘चार’ किंवा ‘४-५’ असं कसंही येतं, आणि संगणकाला या चारही तऱ्हा आधी शिकवल्या नाहीत तर गप्पा तिथेच खुंटतात.

रविवारच्या मेसेजात उपदेश नको. ठरवलेला आणि झालेला आकडा शेजारी ठेवा. ‘ठरवल्या ३, झाल्या ६. हात कुठे सुटला?’ टोचून बोललं की मुलं पुढच्या आठवड्यात खोटा आकडा तरी कळवतात, नाहीतर उत्तरच देत नाहीत. मर्यादेला ‘जर-तर’ची जोड द्यावी : ‘तिसरी संपल्यावर कुणी ग्लास भरायला आलं, तर मी पाणी घेईन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी दाखवलंय की नुसत्या निश्चयापेक्षा अशी प्रसंगाला बांधलेली योजना जास्त पाळली जाते. इतर विद्यार्थी किती पितात याचा अंदाजही मुलं फुगवून करतात, म्हणून त्याच कॉलेजच्या पाहणीतला खरा आकडा कळवणं उपयोगी ठरतं. जुना किंवा भलत्याच ठिकाणचा आकडा दिला, तर एकदा गेलेला विश्वास परत येत नाही.

फोन टेबलावर पडलेला असतो. पाठवणाऱ्याच्या नावात ‘दारू’ किंवा ‘व्यसन’ दिसता कामा नये, आणि उत्तरं कॉलेजच्या शिस्तपालन समितीकडे कधीही जाता कामा नयेत. तशी नुसती शंका आली, तरी खरे आकडे येणं थांबतं.

रोज पिणाऱ्या, दारू न मिळाल्यास हात थरथरणाऱ्या, घाम फुटणाऱ्या मुलाला मेसेजवरून ‘आज बंद कर’ सांगू नये. एकाएकी दारू तोडल्याने झटके येऊ शकतात, त्याला डॉक्टरांकडेच पाठवावं. आणि कुणी हलवूनही जागं होत नसेल किंवा मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, तर त्याला कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत एकटं सोडू नका. हा मेसेज मात्र सगळ्यांना, पहिल्याच दिवशी जायला हवा.