ओरबाडणे आणि गळचेपी: दाट वस्तीत दीर्घिका कशा विझतात

दीर्घिकासमूहात शिरलेल्या दीर्घिकांमधील तारानिर्मिती मंदावते, हे निरीक्षण जुने आहे. परंतु त्यामागच्या रॅम प्रेशर स्ट्रिपिंग (दाबाने ओरबाडणे) आणि स्ट्रँग्युलेशन (गळचेपी) या दोन प्रक्रिया बहुधा ‘समूहाने दीर्घिकेचा वायू हिरावला’ अशा एकाच वाक्यात उरकल्या जातात आणि नेमका कोणता वायू हिरावला, हे सांगायचे राहून जाते. तारे जन्मतात ते दीर्घिकेच्या चपट्या तबकडीतील थंड वायूच्या साठ्यातून. तबकडीभोवतीच्या विरळ, उष्ण प्रभामंडळातला वायू निवत निवत खाली उतरतो आणि तो साठा भरून काढतो. पहिल्या प्रक्रियेत कणगीच लुटली जाते. दुसरीत कणगी शाबूत राहते, पण नवे धान्य येत नाही.

रॅम प्रेशरची कल्पना जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये मांडली. समूहातील दीर्घिकांमधली जागा रिकामी नसून तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा अतिविरळ वायू असतो, आणि त्यातून सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला समोरून जणू वारा लागतो. त्याचा दाब वायूच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुरुत्वाकर्षणाची पकड जिथे सैल, त्या कडेपासून वायू सुटू लागतो. ताऱ्यांना हा वारा हलवू शकत नाही. म्हणूनच कन्या समूहातील एनजीसी ४५२२ मध्ये ताऱ्यांची तबकडी जागच्या जागी दिसते आणि हायड्रोजन मात्र एका बाजूला ढकललेला आढळतो. नॉर्मा समूहातील ईएसओ १३७-००१ च्या मागे तर वायूची लांबलचक शेपटी आहे, आणि गंमत म्हणजे त्या शेपटीतही काही तारे जन्मत आहेत.

स्ट्रँग्युलेशनला, म्हणजे गळचेपीला, असे देखणे छायाचित्र लाभत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण मला हेच वाटते. लार्सन, टिन्स्ले आणि कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये सुचवलेल्या या प्रक्रियेत फक्त प्रभामंडळ जाते, आणि उरलेला साठा पुरेल तोवर, अब्जावधी वर्षे, तारे जन्मतच राहतात. तिची खूण धातूंमध्ये सापडते (हायड्रोजन आणि हेलियमहून जड अशा साऱ्या मूलद्रव्यांना, अगदी ऑक्सिजनलाही, खगोलशास्त्रज्ञ धातूच म्हणतात; ती ताऱ्यांमध्येच घडतात). धातूंचे प्रमाण कमी असलेला ताजा वायू मिसळेनासा झाला, की उरलेल्या वायूतील धातू ताऱ्यांच्या पिढीगणिक वाढत जातात. साठा एकदम ओरबाडला गेला, तर ते प्रमाण जिथल्या तिथे थांबते. पेंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुमारे २६ हजार दीर्घिका तपासल्या, तेव्हा विझलेल्या दीर्घिकांत तेवढ्याच वस्तुमानाच्या जिवंत दीर्घिकांपेक्षा धातू जास्त आढळले, आणि विझण्याचा काळ सुमारे ४ अब्ज वर्षे निघाला. अर्थात या दीर्घिका केवळ समूहांतल्या नव्हत्या, त्यामुळे साऱ्या गळचेपीचे खापर दाट वस्तीवर फोडता येत नाही.

दोन्हींची गल्लत होण्याला एक खरे कारणही आहे. प्रभामंडळाची बांधणी इतकी सैल असते, की तबकडीला धक्काही लावू न शकणारा समूहाच्या वेशीवरचा मंद वारा ते उडवून नेऊ शकतो. त्यामुळे एकाच दीर्घिकेची आधी बाहेर गळचेपी होते आणि गाभ्याजवळ पोहोचल्यावर त्याच वाऱ्याने तिची तबकडी ओरबाडली जाते.