एमबीए प्रवेशाची पूर्वतयारी : नोकरीच्या पहिल्या वर्षापासून कोणती पात्रता पाहावी, कोणती कागदपत्रे जमवावीत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या अनेक तरुणांचा विचार 'दोन-तीन वर्षे काम करू, मग एमबीए करू' असा असतो. हा विचार रास्त आहे. मात्र प्रवेश परीक्षेचा अभ्यास सहा-आठ महिन्यांत होऊ शकतो, तर अनुभवाचा पुरावा आणि जात वैधता प्रमाणपत्र आयत्या वेळी मिळत नाही. म्हणून तयारीची सुरुवात पुस्तकांपेक्षा कागदपत्रांच्या फाइलपासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रथम आपला मार्ग ठरवावा. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमबीए सीईटी असते. तिला कामाच्या अनुभवाची अट नाही. किमान तीन वर्षांच्या कोणत्याही पदवीला ५० टक्के, तर महाराष्ट्रातील मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुण पुरतात. आयआयएम या केंद्रीय व्यवस्थापन संस्थांसाठीची कॅट ही प्रवेश परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरअखेर होते, तिची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालते आणि तिचे गुण केवळ एका प्रवेशवर्षापुरते ग्राह्य असतात. अनेक आयआयएम अंतिम निवडीत दहावी, बारावी व पदवीच्या गुणांबरोबर अनुभवालाही भारांक देतात. हैदराबाद व मोहाली येथील आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) या संस्थेच्या एक वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमाला किमान २४ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तर आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी किमान चार वर्षांचा. अशा अभ्यासक्रमांना चालणाऱ्या जीमॅट या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेचे गुण पाच वर्षे चालत असल्यामुळे, या वाटेने जाणाऱ्याने अभ्यासाची सवय ताजी असताना, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ती परीक्षा देऊन ठेवावी, असे माझे मत आहे.

अनुभव म्हणजे सर्वसाधारणपणे पदवीनंतरचे पूर्णवेळ, पगारी काम. शिकत असताना केलेली इंटर्नशिप त्यात धरली जात नाही. नेमणूक पत्र, पगारपत्रके, पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा, फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार व करकपातीचा दाखला) आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरील नोंदी हे त्याचे पुरावे होत. आपल्या भागातील खरी अडचण इथेच आहे. डाळ मिल, चटई कारखाना किंवा रावेर-सावद्याकडील केळीच्या व्यापारात हिशेब सांभाळणाऱ्या पदवीधराला पगार बऱ्याचदा रोखीने मिळतो, नेमणूक पत्र मिळतच नाही, आणि दोन वर्षांचे अस्सल काम अर्जातील रकान्यात भरता येत नाही. अशा ठिकाणी रुजू होतानाच पगार खात्यात घालण्याची आणि संस्थेच्या शीर्षपत्रावर पद, कामाचे स्वरूप व रुजू झाल्याची तारीख असलेले पत्र देण्याची विनंती करावी. मालक ओळखीचे असले तरी संकोच करू नये. घरच्या व्यवसायात काम करणाऱ्याने भागीदारी पत्रात किंवा पगारपटावर आपले नाव असल्याची खात्री करावी, स्वतःचे आयकर विवरणपत्र दरवर्षी भरावे आणि व्यवसायाच्या जीएसटी व उद्यम नोंदणीच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी : सीईटी आणि कॅट या दोन मार्गांसाठी लागणारी जातीची प्रमाणपत्रे एकच नाहीत. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेला जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती व जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांना ३१ मार्चला मुदत संपणारे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही चालू स्थितीत लागते. आयआयएममध्ये मात्र इतर मागासवर्गाची केंद्रीय यादी पाहिली जाते आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच असावे लागते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे वर्ग असल्याने आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे, हे उमेदवाराने आधीच तपासावे. मराठा समाजासाठीचे २०२४ चे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही राज्यापुरतेच आहे. केंद्रीय संस्थांत अटी पूर्ण होत असल्यास आर्थिक दुर्बल घटकाचा पर्याय उरतो, पण त्याचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातील वेगळा असतो.

वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ कोणीही गृहीत धरू नये. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. प्रत्यक्षात याचा अर्थ आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शोधणे असा होतो. तो बहुधा मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतो आणि त्यावरील जातीची नोंद, आडनाव आणि आजच्या दाखल्यावरचे आडनाव जुळतेच असे नाही. वडील, काका किंवा सख्ख्या भावंडाकडे वैधता असल्यास काम बरेच सोपे होते. पदवीच्या वर्गात नाव असताना, महाविद्यालयाचे पत्र सहज मिळते तेव्हाच हा अर्ज करावा. ज्यांनी तेव्हा केला नाही, त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो मार्गी लावावा.

सुरत, बऱ्हाणपूर किंवा इंदूरला पदवी घेतलेल्या खान्देशी उमेदवारांनी महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून गणले जाण्यासाठी स्वतःचे किंवा आई-वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. त्यासाठी सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदवीधरांनी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकेवर श्रेणीगुणांक (सीजीपीए) असल्यास त्याचे टक्क्यांत रूपांतर दाखवणारे विद्यापीठाचे पत्र घ्यावे. नावाची जुळणी क्षुल्लक वाटते, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि बँकेत वडिलांचे नावच नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. दहावीच्या प्रमाणपत्राला आधार धरून बाकीची कागदपत्रे दुरुस्त करावीत. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी.

नोकरी करून पुन्हा शिकायला येणाऱ्यांकडून महाविद्यालये शिक्षणातील खंडाचे (गॅपचे) शपथपत्र मागतात. ते तहसील कार्यालयात अल्पावधीत होते. शुल्क सवलतीच्या राज्य योजनांचा लाभ हवा असेल, तर प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्यावा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. जागा निश्चित होऊन मूळ कागदपत्रांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नये. मात्र नोटिशीचा कालावधी दोन-तीन महिन्यांचा असल्यास वरिष्ठांना आधी कल्पना द्यावी आणि निघताना रुजू झाल्याची व कार्यमुक्तीची अशा दोन्ही तारखा असलेले अनुभव प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घेऊनच निघावे.