युव्हिआयटिस आणि मॉन्टू: पॉझिटिव्ह आली, पुढे काय?

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराची सूज; तिचं एक कारण टीबी. पण ते सिद्ध करणं अवघड: डोळ्याच्या आतल्या पाण्याचा नमुना काढला तरी हाती 0.1-0.2 मिली येतो. त्यात टीबीचे जंतू असलेच तर मोजके. जंतूंचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणीही बऱ्याचदा हुकते, म्हणून पुरावा डोळ्याबाहेर शोधावा लागतो: मॉन्टू (टीबीच्या संसर्गाची कातडीवरची चाचणी), इग्रा (त्याच संसर्गाची रक्तचाचणी), छातीचा एक्सरे किंवा सीटी.

मॉन्टूत कातडीत ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंचा अर्क) टोचतात; ही पद्धत 1908 पासूनची. त्या काळी युरोप-अमेरिकेत कारण न सापडलेला बराचसा युव्हिआयटिस टीबीच्या खात्यावर पडे. 1952 मध्ये दृष्टिपटलात टॉक्सोप्लाझ्मा हा दुसराच परजीवी ओळखला गेला आणि ते खातं आटत गेलं. भारतात आटलं नाही, कारण इथे टीबी खरोखरच घरोघरी होता.

घोळही तिथलाच. इथे ठणठणीत माणसाचीही मॉन्टू पॉझिटिव्ह येते. शिवाय 48 ते 72 तासांनी हातावर मोजपट्टी लावून मोजायचा असतो तो बोटाला लागणारा कडक फुगवटा; रिपोर्टात मात्र अनेकदा लालीच उतरते. इग्रा आली आणि बीसीजी लशीमुळे मॉन्टू पॉझिटिव्ह येण्याची गफलत टळली. पण संसर्ग सुप्त की सक्रिय, हे तीही सांगत नाही. प्रौढांत सक्रिय टीबीच्या निदानासाठी या दोन्ही चाचण्या वापरू नयेत, असं 2014 च्या राष्ट्रीय मानकांत लिहिलं आहे. नेत्रतज्ज्ञ तरीही त्या करतात. दुसरं आहे काय हातात?

खरा वाद एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधोपचाराचा. नुसत्या 15 मिमीच्या आकड्यावर कित्येक महिने चार औषधं द्यायची? त्यातलं इथॅम्ब्युटॉल तर डोळ्याच्या नसेवरच उठू शकतं. 2003 मध्ये सर्पिजिनससारख्या (नागमोडी पसरणाऱ्या) कोरॉइडायटिसचं, म्हणजे दृष्टिपटलामागच्या थराच्या सुजेचं, वेगळं चित्र भारतातून मांडलं गेलं आणि निदान त्या रुग्णांत तरी एकेटीला आधार मिळाला. पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं एकमतही तिथेच सर्वांत ठाम झालं: डोळ्यातलं चित्र तसं, एखादी चाचणी पॉझिटिव्ह आणि छातीत खुणा, तर एकेटी सुरू करा. साध्या, पहिल्यांदाच आलेल्या, डोळ्याच्या पुढच्या भागातल्या युव्हिआयटिसला हा नियम लावणं म्हणजे रुग्णाच्या यकृताशी खेळ.

प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी बायोलॉजिक औषधं आल्यावर त्याच चाचणीला दुसरं काम लागलं. अडालिमुमॅबसारख्या औषधाने झोपलेला टीबी उठतो, म्हणून ते देण्याआधी चाचणी. इथे डोळ्याच्या आजाराचं कारण विचारलेलंच नसतं. तरी 'टीबी पॉझिटिव्ह' असा शिक्का फाइलवर बसतो आणि पुढचा डॉक्टर तोच निदान म्हणून वाचतो.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मॉन्टू दबते, त्यामुळे ती आधी करायला हवी. मोठ्या केंद्रात पोचणारा रुग्ण मात्र बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असतानाच आलेला असतो.