माजी विद्यार्थी संघाची नोंदणी : फाईल नेमकी कुठे अडते

शाळेला एकदाच बाकं द्यायची असतील, एखाद्या वर्गखोलीचं छप्पर दुरुस्त करायचं असेल, तर संघ नोंदवण्याच्या भानगडीत पडू नका. शाळा खाजगी असेल तर ती चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या खात्यात, जिल्हा परिषदेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात थेट पैसे भरा आणि पावती घ्या. वस्तू दिली असेल तर ती शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालकीच्या वस्तूंची नोंदवही) चढली का ते डोळ्यांनी बघा. लोकसहभागातून दिलेला प्रोजेक्टर दोन वर्षांनी कुठे गेला, हा प्रश्न विचारायचा असेल तर ती एक ओळ कामाची.

नोंदणी करायची ती दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची असेल, देणगीदारांना आयकरात वजावट मिळवून देणारी ८०जीची पावती हवी असेल, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) आणायचा असेल तेव्हा. महाविद्यालयांची घाई वेगळ्या कारणाने असते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र भाग आहे आणि तिथे नोंदणीकृत संघ आहे का हे विचारतात, म्हणून मूल्यांकन जवळ आलं की प्राचार्यांना अचानक माजी विद्यार्थ्यांची आठवण येते. कारण कोणतंही असो, एकदा नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब, दरवर्षी लेखापरीक्षण, दर निवडणुकीनंतर कागद. हे सांभाळणारा एक तरी चिकाटीचा माणूस तुमच्यात आहे का, ते आधी ठरवा.

पात्रता साधी आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सज्ञान माणसं लागतात. सातही जण एकमेकांचे नवरा-बायको, भाऊ-भावजय नसावेत. तशी यादी पाहिली की कार्यालयात भुवया उंचावतात. अर्ज राज्याच्या धर्मादाय संघटनेच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेच्या, संकेतस्थळावरून भरायचा, आणि तो जातो तुमच्या जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात.

उद्देश : सगळ्यात जास्त त्रुटी इथेच

घटनापत्रक (संघाचं नाव आणि उद्देश लिहिलेला मूळ कागद) बहुतेक जण दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचं उतरवून काढतात. मग शाळेच्या संघाच्या उद्देशांत वृद्धाश्रम, गोशाळा आणि क्रीडा संकुल येतं. त्यातून फार बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या ओळीने : ‘सभासदांना आजारपणात व अडचणीत आर्थिक मदत करणे’.

भावना चांगलीच आहे. बॅचमधल्या एखाद्याचा अपघात झाला की सगळे धावतात, आणि संघ त्यासाठीच तर काढायचा असं निम्म्या लोकांना वाटत असतं. पण कायद्याच्या नजरेत गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, सर्वसाधारण लोकोपयोगी काम हे धर्मादाय, तेही समाजातल्या कोणासाठीही. आपण पैसे जमवायचे आणि आपल्यातच वाटायचे, हे झालं परस्पर साहाय्य. ते बेकायदा नाही, पण ते धर्मादाय नव्हे. दोन्ही एकाच घटनेत कालवलं की आधी धर्मादाय कार्यालय विचारतं आणि तिथून सुटलात तर आयकर विभाग विचारतो. त्याच कारणासाठी एकाच बॅचपुरता संघही नोंदवू नका. सभासदत्व शाळेच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना खुलं ठेवा आणि लाभार्थी म्हणून शाळेतली मुलं लिहा.

म्हणजे दोन खिसे वेगळे ठेवायचे. शाळेची मदत संघाच्या खात्यातून, मित्राची मदत ज्याने त्याने स्वतःच्या खात्यातून. त्यातही एक खाच आहे : नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर ती घेणाऱ्याची करपात्र रक्कम ठरू शकते. सगळी वर्गणी एकाच्या खात्यात गोळा करून मग पुढे पाठवली, तर पहिला प्रश्न त्या गोळा करणाऱ्यालाच येतो.

पैसे जमवण्याआधी आणखी एक गोष्ट करून बघा. आजारी मित्राचं उत्पन्न कमी असेल तर जवळचं मोठं रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ अअ खाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. खाट शिल्लक नाही असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. पुष्कळदा तेवढ्याने खाट निघते. संघातल्या एका माणसाला ही वाट नीट माहीत असली, तर ती व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या आवाहनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पत्त्याचा पुरावा, जो कोणाकडेच नसतो

संघाचा पत्ता म्हणून सगळे शाळेचा पत्ता घालतात आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं नाहरकतपत्र जोडतात. ते चालत नाही. इमारत मुख्याध्यापकांची नसते, शिक्षण संस्थेची असते. तेव्हा नाहरकत संस्थेची हवी आणि सोबत संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव हवा. जिल्हा परिषद शाळेत तर मुख्याध्यापकांनी असं पत्र देणं म्हणजे स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून घेणं. शाळेचं नाव संघाच्या नावात वापरायलाही संस्थेचं संमतीपत्र घेऊन ठेवा. काही संस्थाचालकांना माजी विद्यार्थी म्हणजे हिशेब विचारायला आलेली पलटण वाटते. तिथे दोन-तीन महिने जातील हे धरून चला.

मग लोक अध्यक्षांच्या घराचा पत्ता देतात, आणि इथे दुसरी गंमत सुरू होते. घराचं वीजबिल अजून वडिलांच्या नावावर, वडील जाऊन दहा वर्षं झालेली, वारसनोंद राहिलेली. आता नाहरकत देणार कोण? ज्याच्या नावावर मालमत्ता स्वच्छ आहे अशा सभासदाचं घर शोधा, पदाधिकारी नसला तरी हरकत नाही. त्याची नाहरकत, चालू वीजबिल आणि घरपट्टीची पावती, तिन्हीवर एकच नाव आणि एकच पत्ता.

बाकीचे कागद

घटनापत्रक, नियमावली, सातही जणांची संमतीपत्रं, पहिल्या सभेचा ठराव, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं. हे सगळं सहसा होतं. नाव मात्र सगळीकडे अक्षरशः एक ठेवा. मराठीतलं नाव नोंदणीत, त्याचं इंग्रजी स्पेलिंग पॅनवर एक, बँकेत दुसरं, अशी ‘विद्यार्थी’ या शब्दाची दोन-दोन रूपं झाली की पुढचा प्रत्येक अर्ज परत येतो. इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच ठरावात लिहून टाका.

नियमावलीत दोन कलमं विसरू नका. एक, संघ विसर्जित झाला तर शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, समान उद्देशाच्या संस्थेला जाईल. हे १८६० च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेच, पण नियमावलीत लिहिलेलं नसेल तर आयकरवाले अडवतात. दुसरं, वर्गणी. कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. ग्रुपवर चारशे माणसं असतील, वर्गणी भरलेले चाळीस असतील, तर निवडणूक चाळिसांचीच. यावरून झालेली भांडणं थेट धर्मादाय आयुक्तांपुढे जातात आणि तिथे वर्षानुवर्षं राहतात. सभासद नोंदवही आणि पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा. आजीव वर्गणी ठेवलीत तर हा घोळ निम्म्याने कमी होतो.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे झालं नाही

संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की फोटो निघतो, फ्रेम होते आणि काम थांबतं. खरं तर धर्मादाय उद्देशाची नोंदणीकृत संस्था ही १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यासही असते, आणि तिची वेगळी नोंदणी कलम १८ खाली तीन महिन्यांत मागायची असते. त्या अर्जाला सगळे शेड्यूल दोन म्हणतात. तो मंजूर झाला की ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. बँक, आयकर, सीएसआर सगळीकडे दोन्ही क्रमांक मागतात.

त्यानंतरची मुदत चुकते ती बदल अहवालाची. पदाधिकारी बदलले, कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, पत्ता बदलला, तर कलम २२ खाली ९० दिवसांत कळवायचं. दिवस बदल झाल्या तारखेपासून मोजायचे. ‘पुढच्या सर्वसाधारण सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर देऊ’ असं म्हणणारे सगळे उशिरा पोहोचतात आणि मग विलंब माफीचा अर्ज वेगळा. एक बदल अहवाल अडकला की त्याच्या मागचे सगळे अडकतात. कागदावर अध्यक्ष म्हणून स्वर्गवासी गृहस्थ आणि बँकेत सही कोणाचीच चालत नाही, अशी अवस्था असलेले संघ कमी नाहीत. लेखापरीक्षण अहवाल ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत.

८०जीच्या आशेवर असलेल्यांसाठी

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे, फॉर्मचे आकडे बदललेत. इथे लोकांच्या तोंडी असलेले जुनेच आकडे वापरतो. अर्ज भरताना नवे बघून घ्या. नव्या संघाला १२ए (संघाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जीची नोंदणी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची. पक्की नोंदणी मागायची मुदत जवळजवळ सगळे चुकीची वाचतात. तात्पुरतीची मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल ते. पहिल्या वर्षीच वह्यावाटप केलंत तर तुमचं घड्याळ तेव्हाच सुरू झालं. तीन वर्षं निवांत बसायची सोय नाही.

देणगीदारांना आधीच स्पष्ट सांगा : नव्या करप्रणालीत असलेल्यांना ८०जीचा काहीच फायदा नाही, रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्याला वजावट नाही, संगणक, पुस्तकं, बाकं अशा वस्तूंना तर नाहीच. देणग्यांचं विवरण (जुना १०बीडी) ३१ मेपर्यंत भरायचं, उशिराला दिवसाला २०० रुपये. हे भरल्याशिवाय देणगीदाराचं प्रमाणपत्र निघत नाही आणि जूनमध्ये ग्रुपवर ओरड सुरू होते. सीएसआर हवा असेल तर १२ए, ८०जी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा वर्गमित्र यातलं काही माफ करू शकत नाही.

परदेशातला मित्र

दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते परकीय योगदान धरत नाहीत. पासपोर्टची प्रत तेवढी फाईलला लावा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला मित्र मात्र परकीय स्रोत ठरतो, हातात ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी. त्याच्याकडून घ्यायचं तर परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षं जुनी संस्था आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाखांचा खर्च लागतो, आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येतात. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घेऊन आपल्याकडे वळवणं २०२० पासून बंद आहे. हा अमेरिकेचा नागरिक झालेला मित्र सुट्टीत गावी आला आणि स्नेहमेळाव्यात रुपयांतच पाकीट दिलं तरी ते परकीय योगदानच धरतात. त्याच्याकडून पैशांऐवजी दहावीच्या मुलांसाठी शनिवारचा एक ऑनलाईन तास मागा. त्याला कुठलाच फॉर्म लागत नाही.