साबणात काढा घालावा की सिद्ध तेल?

इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेला वाळका कडुनिंब घरच्या साबणात दोन वाटांनी जातो. पाण्यात उकळला तर काढा, तेलात मुरवला तर सिद्ध तेल. दोन्ही अर्कच, मग कुठलाही घाला, असं समजून चालणारे बरेच. पण दोन्हींत उतरतं ते वेगळं.

काढ्यात उतरतात टॅनिन (तुरट द्रव्य), साखर, चिकट गर, रिठ्या-शिकेकाईतलं फेसाळ सॅपोनिन. तेलात उतरतात मेणचट घटक, झेंडूचा पिवळा आणि रतनजोतीचा लाल रंग. रतनजोत पाण्यात कितीही उकळा, व्यर्थ. कोमट तेलात ती लगेच लालभडक होते. पुढे साबणात तोच रंग जांभळट पडतो. तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याची करणी ती, माल खराब नसतो.

मापासाठी ही साधी वडी घेऊ: तिळाचं तेल 300 ग्रॅम, खोबरेल 150, एरंडेल 50, कॉस्टिक सोडा 70 (यात सुमारे 5 टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं) आणि पाणी 140.

सिद्ध तेलासाठी 350 ग्रॅम तिळाच्या तेलात 40 ग्रॅम कुरकुरीत वाळलेला, भरडलेला पाला घालून भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावं. तेल 60 अंशांच्या आसपास, तीन-चार तास. इंदूरच्या मे महिन्यात बरणी गच्चीवर आठवडाभर ठेवली तरी चालतं. थंडीत मात्र त्यासाठी खोबरेल नको, बरणीतच थिजतं. ओला पाला घातला की तेलात पाणी राहतं आणि तेल लवकर खवट होतं. शंका असेल तर कापसाची वात तेलात बुडवून पेटवावी: तडतडली तर पाणी आहे.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची चूक. पाला बरंच तेल पिऊन बसतो. 300 ग्रॅम मुरत घातलं, गाळून 260 उरलं आणि सोडा 70चाच टाकला, तर मोकळं राहायचं तेल पार संपतं, वर थोडा सोडा शिल्लक राहतो. वडी कडक, कातडीला झोंबणारी. तेल गाळून झाल्यावरच तोलायचं.

काढ्यासाठी 40 ग्रॅम पाला 640 मिली पाण्यात मंद आचेवर पाव होईपर्यंत आटवावा. पाणी डिस्टिल्ड घ्यावं. बोअरिंगच्या जड पाण्याने साबणाचा साका धरतो. गरम काढ्यात थेट सोडा टाकू नये. त्यातली साखर आणि टॅनिन सोड्याने तापतात, काळपट होतात, उग्र वास सुटतो. सोडा 140पैकी 70 ग्रॅम साध्या थंड पाण्यात विरघळवावा आणि थंड, गाळलेला काढा 70 ग्रॅम तेलांत मिसळावा; वडीचा रंग त्या मानाने उजळ राहतो. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

जास्वंदीच्या लाल काढ्यावर मात्र कष्ट वाया घालवू नयेत. साबण अल्कधर्मी, त्यात ती लाली टिकत नाही, मळकट तपकिरी उरते. गोकर्णाच्या निळ्याचंही तेच.

आता औषधी गुणांचं. सिद्ध तेल सुरुवातीलाच घातलं की सोडा ते बाकीच्या तेलांबरोबरच फोडतो. मोकळं राहणारं 5 टक्के कुठल्या तेलातलं, हे तुमच्या हातात नसतं. ते हातात ठेवायचं असेल तर शिजवलेला साबण करावा: 300पैकी 25 ग्रॅम सिद्ध तेल बाजूला काढून बाकीच्या 475 ग्रॅम तेलांत तोच 70 ग्रॅम सोडा पूर्ण शिजवावा, जिभेला टोचेनासा झाला की आचेवरून उतरवून ते 25 ग्रॅम घोटावं. काढ्याला ही सोय नाही. शिजलेल्या घाण्यात तो वरून ओतला तर वडी मऊ होते, वाळताना आकसते आणि वाकडी होते.